पक्ष्यांचे वार्धक्य

माणसाचे वय लपत नाही. केस पांढरे होतात, कातडीवर सुरकुत्या पडतात, दृष्टी मंदावते आणि चाल सावकाश होते. पाळीव जनावरांचेही तसेच आहे. बैलाचे दात पाहून शेतकरी त्याचे वय सांगतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे तोंड पांढुरके होते आणि ते दिवसाचा बराच वेळ उन्हात पडून काढते. परंतु अंगणातल्या झाडावर बसलेल्या कावळ्यांच्या घोळक्यात आजोबा कोणता आणि नातू कोणता, हे कोणाला सांगता येईल काय? सारेच काळेभोर, सारेच चपळ. पक्ष्यांना वार्धक्य येतच नाही की काय, अशी शंका मनात यावी, इतके हे दृश्य विलक्षण आहे.

पक्ष्याचे बालपण मात्र सहज ओळखता येते. रोहित पक्ष्याचे पिलू करड्या रंगाचे असते आणि गुलाबी होण्यास त्याला काही वर्षे लागतात. पांढऱ्या गिधाडाचे पिलू गडद तपकिरी असते. त्याचा रंग वर्षावर्षाने उजळत जातो आणि चेहरा पिवळा होतो. पण एकदा प्रौढाचा वेश अंगावर चढला, की बहुतेक पक्षी जन्मभर तसेच दिसतात. पाच वर्षांचा पक्षी आणि पंचवीस वर्षांचा पक्षी शेजारी शेजारी बसले, तर जाणकारालाही त्यांच्यातला वडीलधारा ओळखता येत नाही.

याचे एक कारण पिसांत आहे. पीस हे आपल्या नखांप्रमाणे आणि केसांप्रमाणे निर्जीव द्रव्याचे बनलेले असते. ऊन, वारा, पाऊस आणि फांद्यांचे घर्षण यांमुळे ते झिजते. झिजलेले पीस पुन्हा सांधता येत नाही. म्हणून पक्षी जुनी पिसे टाकून देतो आणि त्यांच्या जागी नवी उगवतात. बहुतेक पक्ष्यांत हा क्रम वर्षातून एकदा तरी घडतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस कावळे आणि साळुंक्या नीट पाहिल्या, तर काहींची मान विरळ झालेली आणि पंखांत फटी पडलेल्या दिसतात. वीण आटोपल्यानंतरचा हा काळ असतो. पंखांतील मोठी पिसे एकदम गळत नाहीत. डाव्या पंखातील एक पीस गळले, की बहुधा उजव्या पंखातील तेच पीस गळते आणि त्यामुळे उडताना तोल सांभाळला जातो. बदकांची गोष्ट निराळी. त्यांची उडण्याची पिसे एकदमच गळतात. काही आठवडे त्यांना उडता येत नाही आणि तो काळ ती पाण्यात, गवताच्या आडोशाने काढतात. अशा रीतीने दरवर्षी नवे वस्त्र ल्यालेल्या पक्ष्याच्या अंगावर सरलेल्या वर्षांची खूण राहावी कोठून?

येथे एका प्रचलित कथेचा विचार करणे योग्य होईल. गरुड चाळीस वर्षांचा झाला, की तो उंच कड्यावर जाऊन आपली चोच दगडावर आपटून मोडतो, नखे व पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा देह घेऊन आणखी तीस वर्षे जगतो, अशी ती कथा आहे. ती ऐकावयास स्फूर्तिदायक असली, तरी सत्य नाही. चोच मोडलेल्या गरुडाला मांस फाडता येणार नाही आणि पाच महिने उपाशी राहून कोणताही गरुड जगणार नाही. गरुडाच्या चोचीचे व नखांचे कठीण आवरण सतत वाढत असते आणि वापराने झिजत असते. पिसे क्रमाक्रमाने बदलतात. पक्ष्याचे नूतनीकरण असे रोजचे, संथ आणि कोणाच्या नजरेत न भरणारे असते.

मग पक्ष्याचे वय कळावे कसे? हा प्रश्न एका शाळामास्तरांनी सोडविला, असे म्हणता येईल. डेन्मार्क देशातील व्हिबोर्ग गावचे शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली साळुंकीच्या कुळातील १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अ‍ॅल्युमिनियमचे हलके वाळे घातले. प्रत्येक वाळ्यावर निराळा क्रमांक होता. पक्षी पुन्हा कोठे सापडला, की क्रमांकावरून त्याची ओळख पटे. हीच पद्धत पुढे जगभर पसरली. भारतात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली हे काम हाती घेतले आणि १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली ते मोठ्या प्रमाणावर झाले. वाळ्यांचा मुख्य उद्देश पक्षी कोठून कोठे जातात हे जाणण्याचा होता. पण त्यांनीच पक्ष्यांच्या आयुष्याचेही गणित उलगडून दाखविले.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील एनहॅलो बेटावर जॉर्ज डनेट नावाच्या शास्त्रज्ञाने फुल्मार या समुद्रपक्ष्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याची दोन छायाचित्रे पक्षिशास्त्रात प्रसिद्ध आहेत. पहिले १९५१ सालचे. त्यात एक तरुण संशोधक हातात फुल्मार धरून उभा आहे. दुसरे १९८६ सालचे. त्यात तोच संशोधक आणि तोच पक्षी आहे. मधल्या पस्तीस वर्षांनी माणसाच्या चेहऱ्यावर आपला लेख स्पष्ट कोरला आहे. पक्षी मात्र जसाच्या तसा दिसतो. पायात वाळा नसता, तर तो तोच पक्षी आहे यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

याहूनही नवलाची कथा प्रशांत महासागरातील मिडवे बेटावरची आहे. १० डिसेंबर १९५६ रोजी चँडलर रॉबिन्स या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने तेथे अंड्यावर बसलेल्या एका अल्बट्रॉस मादीच्या पायात वाळा घातला. या जातीची मादी पाच वर्षांची होण्यापूर्वी अंडे घालीत नाही. म्हणजे तेव्हाच तिचे वय निदान पाच वर्षांचे होते. २००२ साली रॉबिन्स पुन्हा त्या बेटावर गेले. तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. तेथे त्यांनी अनेक अल्बट्रॉस पक्ष्यांचे जीर्ण वाळे बदलले. पुढे जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा कळले, की त्यांतील एक मादी सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच वाळा घातलेली मादी होती! तिला ‘विझडम’, म्हणजे शहाणपण, असे नाव देण्यात आले. मार्च २०११ मध्ये जपानजवळच्या भूकंपाने उसळलेल्या लाटा मिडवेवर आदळल्या आणि हजारो पिले मृत्युमुखी पडली. विझडम आणि तिचे पिलू त्यातून वाचले. २०१७ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, रॉबिन्स निवर्तले. विझडम त्यानंतरही दूर समुद्रावरून आपल्या बेटावर येत राहिली. २०२४ च्या अखेरीस तिने आणखी एक अंडे घातले आणि २०२५ च्या आरंभी त्यातून पिलू बाहेर आले. त्या वेळी तिचे वय सुमारे चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना कोड्यात टाकणारी आहे. सामान्यतः ज्या प्राण्याच्या शरीराची भट्टी जोरात पेटलेली असते, त्याचे आयुष्य लवकर संपते, असा अनुभव आहे. पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा उष्ण असते. त्याचे तापमान बहुधा ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. लहान पक्ष्याचे हृदय मिनिटास कित्येक शतके ठोके देते. रक्तातील साखरही सस्तन प्राण्यांच्या मानाने पुष्कळ अधिक असते. या हिशेबाने पक्षी अल्पायुषी असावयास हवेत. प्रत्यक्षात कबुतर आणि मोठा उंदीर यांचे वजन जवळपास सारखे असूनही उंदीर फार तर चार वर्षे जगतो, तर कबुतर जपणूक झाल्यास तीस वर्षांपर्यंत जगू शकते.

या कोड्याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. पहिले उत्तर पंखांत आहे. जमिनीवरील लहान प्राणी मांजर, साप, घुबड यांच्या तावडीत केव्हा सापडेल याचा नेम नसतो. ज्याला उद्याचा भरवसा नाही, त्याच्या शरीराने दीर्घकाळ टिकण्याची तरतूद करून उपयोग काय? पक्ष्याला मात्र उडून जीव वाचविता येतो. पुष्कळ वर्षे जगण्याची संधी ज्याला आहे, त्याच्या शरीराची डागडुजी पिढ्यानुपिढ्या सुधारत गेली. वटवाघूळ हा पक्षी नव्हे. तो सस्तन प्राणी आहे. तथापि त्यालाही पंख आहेत आणि तोही आपल्या आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांहून कितीतरी अधिक जगतो. यावरून या विचाराला पुष्टी मिळते.

दुसरे उत्तर पेशींत आहे. प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म भाग असतात. तेथे अन्न आणि प्राणवायू यांपासून शक्ती निर्माण होते. चुलीतून जशा ठिणग्या उडतात, तसे या क्रियेतून काही दाहक कण बाहेर पडतात आणि ते शरीराची हळूहळू नासधूस करतात. कबुतराच्या तंतुकणिकांतून असे कण उंदराच्या मानाने कमी बाहेर पडतात, असे प्रयोगांत आढळले आहे. भट्टी मोठी, पण ठिणग्या थोड्या, अशी ही रचना आहे.

तरीसुद्धा पक्षी चिरतरुण असतात, असा याचा अर्थ नव्हे. रानातल्या पुष्कळशा लहान पक्ष्यांची निम्म्याहून अधिक पिले पहिल्या वर्षातच मरतात. पुढेही थंडी, उपासमार, रोग आणि शिकारी प्राणी यांतून जे निभावतात, तेच वृद्ध होतात. शिवाय रानात दुबळेपणा दिसला, की शत्रूची नजर तेथेच वळते. म्हणून आजारी पक्षीदेखील होता होईल तो धडधाकटासारखा वागतो. वार्धक्य तेथे असते, पण झाकलेले असते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या वायटम अरण्यात १९४७ पासून ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांवरून असे दिसले, की पहिली दोन-तीन वर्षे मादीचे पिले वाढविण्याचे कौशल्य सुधारत जाते आणि त्यानंतर ते उतरणीस लागते. दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवर राहणाऱ्या भटक्या अल्बट्रॉसांविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की उतारवयातील नर अन्नाच्या शोधार्थ दक्षिण ध्रुवाकडील दूरच्या समुद्रात जातात आणि पिले वाढविण्यात त्यांना पूर्वीइतके यश येत नाही. त्यांच्या दिसण्यात काही फरक पडत नाही. त्यांचा दिनक्रम मात्र बदललेला असतो.

माणसाच्या आश्रयाला असलेल्या पक्ष्याचे वार्धक्य अधिक उघडपणे दिसते. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयात ‘कुकी’ नावाचा एक काकाकुवा होता. त्याचा जन्म १९३३ सालचा आणि मृत्यू २०१६ सालचा. म्हणजे तो त्र्याऐंशी वर्षे जगला. अखेरच्या काळात त्याचे सांधे दुखत व हाडे ठिसूळ झाली होती. गर्दीचा त्याला त्रास होऊ लागल्यावर २००९ पासून त्याला लोकांसमोर ठेवणे बंद करण्यात आले आणि त्याचे उरलेले दिवस परिचित माणसांच्या सहवासात शांतपणे गेले. रानात असा पक्षी इतकी वर्षे जगलाच नसता. अशक्त झाल्यावरही जगता यावे, यासाठी कोणाची तरी माया लागते.

शरीराचा हा ऱ्हास एका बाजूला आहे. तर वयाबरोबर येणारी जाण दुसऱ्या बाजूला आहे. अमेरिकेतील व्हूपिंग क्रेन नावाच्या शुभ्र क्रौंच पक्ष्यांची संख्या १९४१ च्या सुमारास पंचविसाहूनही कमी उरली होती. त्यांचा वंश वाचविण्यासाठी माणसांनी काही पिले स्वतः वाढविली. परंतु थंडीत दक्षिणेकडे जाण्याची वाट या पोरक्या पिलांना दाखविणार कोण? २००१ पासून लहान विमानांच्या मागे उडवीत त्यांना विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंतचा, सुमारे दोन हजार किलोमीटरांचा मार्ग एकदा दाखविण्यात येऊ लागला. पुढचे प्रवास पक्ष्यांनी आपले आपण करावयाचे होते. या प्रवासांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या थव्यात सगळेच एक वर्षाचे पक्षी होते, तो थवा सरळ मार्गापासून पुष्कळ भरकटे. ज्या थव्यात सात वर्षांचा एखादा अनुभवी पक्षी होता, त्याचे भरकटणे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी झाले होते. थवा किती मोठा आहे, याला महत्त्व नव्हते. त्यातील सर्वांत वडील पक्ष्याचे वय किती आहे, याला होते. एका जाणत्याच्या ठायी असलेले ज्ञान साऱ्या थव्याच्या उपयोगी पडले.

सेशेल्स देशातील कझिन या चिमुकल्या बेटावरील वटवट्या पक्ष्यांची रीत तर अधिकच हृद्य आहे. बेट लहान असल्याने तेथे घरटे करण्याजोग्या जागा थोड्या असतात. म्हातारपणी एखाद्या मादीचे स्थान तरुण मादीने घेतले, तर ती वृद्ध मादी कधी कधी तेथेच राहते आणि नव्या पिढीच्या पिलांना वाढविण्यास हातभार लावते. ती पिले पुष्कळदा तिचीच नातवंडे असतात. असे साहाय्य दोन्ही बाजूंनी चालते. ज्या वयस्क माद्यांना पिले वाढविताना मदतनीस लाभतात, त्यांचे वार्धक्य अधिक सावकाश येते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कामाचा भार वाटून घेतल्याने आयुष्याची झीज कमी होते, हे या इवल्याशा पक्ष्याच्या कुटुंबातही खरे ठरते.

वृद्ध पक्ष्याचे मोल आपल्या पूर्वजांनीही ओळखले होते. रामायणातील जटायू वृद्ध होता. तरीही सीतेच्या रक्षणासाठी तो रावणाशी झुंजला. त्याचा थोरला भाऊ संपाती याचे पंख सूर्याच्या तेजाने जळून गेले होते. त्याला उडता येत नव्हते, शिकार साधत नव्हती. परंतु निराश होऊन समुद्रतीरी बसलेल्या वानरांना सीता लंकेत आहे, हे त्यानेच सांगितले. पंख गेले तरी दृष्टी आणि स्मृती शाबूत होती. आणि त्या प्रसंगी पंखांपेक्षा त्यांचीच गरज अधिक होती.

जटायू-संपातीच्या कुळातील गिधाडांवर मात्र आपल्याच काळात मोठे संकट ओढवले. गिधाडे सावकाश वाढतात, वर्षाला बहुधा एकच अंडे घालतात आणि प्रौढ पक्ष्यांनी पुष्कळ वर्षे जगावे, यावरच त्यांचा वंश अवलंबून असतो. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि ती मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांतून एखादे उरावे, इतकी घटली. २००६ साली गुरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घालण्यात आली; परंतु गेलेली पिढी एवढ्याने परत येत नाही. चिमणीसारख्या पक्ष्याची हानी काही वर्षांत भरून निघू शकते. पण ज्याला मोठे होण्यास पाच वर्षे लागतात आणि वर्षाकाठी ज्याचे एकच पिलू वाढते, त्या जातीतला एक जाणता पक्षी गेला, तर त्याची जागा भरण्यास फार काळ जावा लागतो. वृद्धांचे रक्षण हे त्या जातीच्या भवितव्याचेच रक्षण असते.

पक्ष्यांचे वार्धक्य आपल्याला डौलदार वाटते, ते त्यांना म्हातारपण येत नाही म्हणून नव्हे. त्यांचेही बळ ओसरते, त्यांनाही दूरचे पल्ले जड जातात. पण झिजलेले पीस ते धरून ठेवीत नाहीत. शक्य आहे तोवर आपले काम सोडीत नाहीत. आणि त्यांच्या सोबतीने उडणाऱ्या पिलांना वाट सापडते. हे सारे ते विचारपूर्वक करतात, असे म्हणता येणार नाही. तो त्यांचा स्वभावच आहे. माणसाला मात्र विचारशक्ती लाभली आहे. घरातील थकलेल्या माणसाला आधार द्यावा, आणि त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेल्या वाटा त्याच्याकडून जाणून घ्याव्यात, हे त्याला समजून उमजून करता येते. थव्यातील तरुण क्रौंचाला वडील पक्ष्याच्या मागे उडावेसे का वाटते, ते ठाऊक नसते. तरी तो योग्य ठिकाणी पोहोचतो.